पुढच्या साय-फाय, फँटसी आणि हॉरर पिक्चरची वाट कशी बघावी : इंदूरकरांसाठी पायरी-पायरीने

पोस्टरवर तारीख छापलेली असते, तिच्या भरवशावर आपण उज्जैनच्या मावसभावाला बोलावून ठेवतो, आणि मग तारीख सरकते. पुढे पिक्चर खरंच लागतो तेव्हा इंग्रजीचा एकच शो निघतो, तोही रात्री पावणेअकराचा. दोन दिवस थांबून जावं म्हटलं, तर तोवर कुणीतरी शेवट सांगून मोकळं झालेलं असतं. या तीन प्रकारांच्या नादाला नव्याने लागलेल्यांचे हे नेहमीचे हाल आहेत. रामबागेत, सुदामा नगरात, लोकमान्य नगरात अशी कॉलेजातली मुलं भेटतात, आणि त्यांना सोबत म्हणून जाणारे त्यांचे आईवडीलही. त्यांच्यासाठी हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

घरगुती गोष्टीचं शूटिंग संपलं की काही महिन्यांत ती पडद्यावर येऊ शकते. परके ग्रह, राक्षस, आकाशात उडणारी शहरं दाखवायची असतील तर निम्मं काम शूटिंग संपल्यावर सुरू होतं. एकेका दृश्यावर कितीतरी स्टुडिओ राबत असतात, आणि त्यातला एक मागे पडला तरी तारीख हलते. म्हणून अशा पिक्चरची तारीख कितपत पक्की आहे, हे आपलं आपल्याला ओळखता यायला हवं. तिकीट, भाषा, पडदा, सोबत कोण, हे सगळं त्यावरच ठरतं.

हाताशी काय हवं

- एक वही आणि पेन्सिल. पेन लगेच नको, कारण पुढे येईलच.
- फोनमधलं कॅलेंडर.
- बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट ही दोन्ही ॲप्स, शिवाय ज्या साखळीच्या थिएटरला तुम्ही जास्त जाता तिचं स्वतःचं ॲप.
- केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं संकेतस्थळ.
- वयाचा पुरावा: आधार किंवा लायसन्स. 'ए' प्रमाणपत्राच्या शोला दारावर मागू शकतात.
- घरातल्या लहानांची खरी वयं. हसू नका, हॉररच्या बुकिंगला त्यांची गरज पडते.

१. पिक्चर कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघा

टप्पे साधारण असे: घोषणा, कलाकार ठरणं, शूटिंग सुरू, शूटिंग पूर्ण, मग इफेक्ट्स-संकलन-ध्वनीचं लांबलचक काम, टीझर, ट्रेलर, प्रमाणपत्र, बुकिंग.

घोषणेबरोबर दिलेली तारीख म्हणजे बसच्या सीटवर टाकलेला रुमाल. त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी येऊ नये म्हणून कंपनीने जागा धरलेली असते. तिच्यावर विसंबून काही ठरवू नका. 'अवतार' २००९ मध्ये आला, दुसऱ्या भागासाठी आधी डिसेंबर २०१४ सांगितलं होतं, आणि तो लागला १६ डिसेंबर २०२२ ला. पाण्याखालच्या अभिनयाची नोंद करण्याचं तंत्रच आधी तयार करावं लागलं. आपल्याकडचा 'ब्रह्मास्त्र' १५ ऑगस्ट २०१९ ला येणार होता, तो आला ९ सप्टेंबर २०२२ ला. परग्रहवासीयाची गोष्ट सांगणाऱ्या तमिळ 'अयलान'चं शूटिंग २०१८ मध्ये सुरू झालं आणि पिक्चर १२ जानेवारी २०२४ ला पोंगलच्या तोंडावर लागला.

शूटिंग पूर्ण झाल्याची बातमी ही पहिली भरवशाची खूण. ही बातमी बहुधा दिग्दर्शक किंवा छायालेखक स्वतः देतात, सेटवर सगळ्यांनी मिळून काढलेल्या फोटोसकट. तिथून पुढे मोजायला लागा. एकाच वाड्यात घडणारा हॉरर असेल तर काही महिने, आणि दर दुसऱ्या चौकटीत इफेक्ट्स असतील तर वर्ष सहज जातं. पण शूटिंग झालं म्हणजे पिक्चर येणारच, असंही धरून चालू नका. 'बॅटगर्ल'चं शूटिंग संपून संकलन चालू होतं, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने तो प्रदर्शितच न करायचा निर्णय घेतला.

आता 'तुंबाड'. नारायण धारपांच्या गोष्टी वाचत वाढलेल्या आपल्या पिढीला या पिक्चरचं वेगळं अप्रूप आहे. राही अनिल बर्वे यांनी पहिला मसुदा लिहिला १९९७ मध्ये. शूटिंग झालं २०१२ मध्ये, काही भाग २०१५ मध्ये पुन्हा केला, आणि पिक्चर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. वाट बघायची सवय लावून घ्यायची असेल तर हा हिशेब लक्षात ठेवा. तो पाऊस, तो ओला काळोख घाईघाईत आला असता तर तसा दिसला नसता, असं मला मनापासून वाटतं.

माझा नियम सांगते. घोषणा झाली की वहीत फक्त नाव लिहायचं. शूटिंग संपलं की वर्ष लिहायचं. टीझर आला की महिना. तारखेसकट ट्रेलर आला की तारीख, तीही पेन्सिलने. प्रमाणपत्र मिळालं की मग पेन घ्यायचं.

२. एका पिक्चरला वहीचं एक पान द्या

फोनमध्ये जुनी तारीख पुसली की ती कायमची जाते. वहीत खोडलेली तारीख दिसत राहते, आणि तीच जास्त शिकवते. 'ड्यून : पार्ट टू'चं पान असं दिसेल:

२० ऑक्टोबर २०२३ (खोडलेलं)
१७ नोव्हेंबर २०२३ (खोडलेलं)
३ नोव्हेंबर २०२३ (खोडलेलं, शेजारी 'कलाकारांचा संप')
१५ मार्च २०२४ (खोडलेलं)
१ मार्च २०२४ (लागला)

शेवटचा बदल बघा. तारीख दोन आठवडे अलीकडे आली. पुढे ढकलल्याची बातमी सगळीकडे फिरते, अलीकडे आल्याची मात्र नजरेतून निसटते. 'स्त्री २'चंही तसंच झालं: आधी ऑगस्टच्या अखेरीला येणार होता, तो १५ ऑगस्ट २०२४ ला आला, आणि १४ च्या रात्रीच पैसे घेऊन आधीचे शो लागले. शुक्रवार धरून बसलेल्यांना गुरुवारी सकाळी गोष्ट ऐकून घ्यावी लागली. चंदेरी आपल्याच मध्य प्रदेशातली, त्यामुळे त्या पिक्चरची चर्चा इथे जरा जास्तच होती.

तारखेशेजारी सरकण्याचं कारणही लिहा. कारणं फार नसतात:

संप. २०२३ मध्ये अमेरिकेतले पटकथालेखक २ मेपासून आणि कलाकार १४ जुलैपासून संपावर होते. कलाकारांचा संप ९ नोव्हेंबरला मिटला. संपात कलाकारांना प्रसिद्धी करता येत नव्हती, म्हणून तयार पिक्चरही थांबले.

निवडणुका. 'कल्की २८९८ एडी' १२ जानेवारी २०२४ वरून ९ मेवर गेला. मे महिन्यात लोकसभेचं मतदान होतं, मग तो २७ जूनला आला.

समोरासमोर टक्कर. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात 'ड्यून'चा तिसरा भाग आणि 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे' हे दोघं एकाच दिवशी आहेत, १८ डिसेंबर २०२६. असं काही दिसलं की दोन्ही पानांवर खूण करा आणि महिन्याभराने पुन्हा बघा.

आणि इफेक्ट्स. हे कारण उघडपणे क्वचित सांगतात. टीझर येऊन बरेच महिने झाले, ट्रेलरचा पत्ता नाही आणि तारीख तोंडावर आली, तर ओळखून घ्यायचं.

३. मोसम ओळखा

हे थोडक्यात. आपल्याकडे दिवाळी, नाताळ, १५ ऑगस्ट, ईद आणि संक्रांत-पोंगल हे मोठे मुहूर्त. सणाचा पिक्चर शुक्रवार बघत नाही: 'थामा' २१ ऑक्टोबर २०२५ ला लागला, ऐन दिवाळीत, मंगळवारी. हॉलिवूडचे मोठे साय-फाय मे ते जुलै आणि डिसेंबरात येतात. हॉरर वर्षभर येतो, पण ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे हॅलोविन असल्याने सप्टेंबर-ऑक्टोबरला गर्दी होते.

४. बातमी कुणाकडून घ्यायची, आणि खोटं ट्रेलर कसं ओळखायचं

नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आवडत्या मालिकेच्या पुढच्या भागाचं नाव शोधलं की 'पहिलं ट्रेलर' म्हणून काहीतरी दिसतंच. बरेचदा ते जुन्या पिक्चरचे तुकडे आणि एआयने बनवलेली दृश्यं जोडून केलेलं असतं. हा प्रकार इतका वाढला की मार्च २०२५ मध्ये यूट्यूबने अशा दोन मोठ्या चॅनेलांची जाहिरातीची कमाई बंद केली. असे व्हिडिओ तरी येतच राहतात.

ओळखायचं कसं? आधी चॅनेलचं नाव बघा, ते निर्मात्या कंपनीचं किंवा वितरकाचं असायला हवं. मग वर्णनात 'कॉन्सेप्ट' किंवा 'फॅन-मेड' असे शब्द बारीक अक्षरात लपलेत का ते बघा. मग चेहऱ्यांकडे: ओठ आणि आवाज जुळत नसतील, एकाच माणसाचा चेहरा दर कटला किंचित बदलत असेल, सगळी दृश्यं दोन-तीन सेकंदांची असतील, तर बंद करा. फॅमिली ग्रुपवर काकांनी पाठवलं असलं तरी पुढे ढकलू नका. 'काका, हे खरं नाही, खरं आलं की मीच पाठवते' एवढं लिहिलं की काम होतं.

खरी ट्रेलरं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ९ ला आली, तर उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. जुलैत सॅन डिएगोला कॉमिक-कॉन हा चाहत्यांचा मेळावा भरतो, तिथल्या शनिवारच्या दुपारच्या घोषणा आपल्याला रविवारी पहाटे कळतात. एप्रिलमध्ये लास वेगासला सिनेमाकॉन असतं, पण तिथे दाखवलेलं थिएटरवाल्यांसाठी असतं. 'बघितलेल्यांनी सांगितलं' अशा वर्णनांवर फार जाऊ नका.

हॉररची गोष्ट जरा निराळी आहे, आणि हे मला आग्रहाने सांगायचंय. चांगला हॉरर मोठ्या घोषणेशिवाय येतो. तो आधी महोत्सवात दिसतो: जानेवारीत सनडान्सचा मध्यरात्रीचा विभाग, जुलैत मॉन्ट्रियलचा फँटासिया, सप्टेंबरात टोरांटोचा 'मिडनाइट मॅडनेस' आणि ऑस्टिनचा फँटास्टिक फेस्ट, ऑक्टोबरात स्पेनमधला सिटजेस, जो १९६८ पासून भरतोय. या पाच ठिकाणच्या निवडीच्या याद्या वर्षातून एकदा वाचा आणि लक्ष वेधून घेणारी नावं वहीत टाका. सहा-आठ महिन्यांनी ती नावं बुकिंगच्या ॲपवर दिसली की तुम्हाला शोध घ्यावा लागत नाही. 'तुंबाड'सुद्धा २०१८ च्या ऑगस्टअखेरीस व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकमध्ये उद्घाटनाला दाखवला होता, थिएटरमध्ये यायच्या सहा आठवडे आधी.

५. सेन्सॉरचं प्रमाणपत्र वाचायला शिका

पिक्चर सुरू होण्याआधी पडद्यावर जो कागद दिसतो, तो लोक खुर्ची शोधण्यात घालवतात. त्या कागदावर पिक्चरचं नाव असतं, भाषा, यू किंवा यूए किंवा ए हा वर्ग, तारीख, आणि लांबी मिनिटांत. मंडळाच्या संकेतस्थळावर पिक्चरच्या नावाने शोधलं तर यातलं बरंचसं थिएटरला जायच्या आधीच कळतं.

तीन गोष्टी बघा.

पहिली, प्रमाणपत्र मिळालंय की नाही. मिळालं असेल तर तारीख सहसा हलत नाही.

दुसरी, वर्ग. २०२४ च्या नियमांपासून यूएचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हा आकडा पालकांसाठी सूचना आहे. यूए १६+ च्या पिक्चरला बारा वर्षांच्या मुलीला न्यायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं. 'ए'चं तसं नाही, अठराच्या आतल्या कुणालाही प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी. चार तिकिटं काढून दारातून परत येणारी कुटुंबं अजूनही दिसतात, म्हणून हे ठळक लिहून ठेवा.

तिसरी, भाषा. डब केलेल्या प्रत्येक भाषेसाठी प्रमाणपत्र लागतं. इंग्रजीचं मिळालंय आणि हिंदीचंही मिळालंय, तर डब एकाच दिवशी येण्याची शक्यता चांगली. हिंदीचं दिसत नसेल तर आजीसाठी आत्ताच तिकीट काढू नका.

लांबीचा आकडाही वाया घालवू नका. १६५ मिनिटांचा पिक्चर, मध्यंतर आणि जाहिराती धरून सव्वातीन तासांच्या पुढे जातो. पावणेअकराच्या शोला बसलात तर विजय नगरमधून बाहेर पडायला दोन वाजतील. महू किंवा राऊहून येणाऱ्यांनी परतीची सोय आधी बघावी.

६. भाषा ठरवा, आणि लवकर ठरवा

आपल्या शहरात हॉलिवूडच्या पिक्चरचे बहुतेक शो हिंदीत असतात, इंग्रजीचे मोजके, आणि पहिल्या आठवड्यानंतर तेही कमी होत जातात. इंग्रजीत बघायचा असेल तर पहिल्या शनिवार-रविवारातच बघा. ॲपवर शोच्या वेळेशेजारी भाषा लिहिलेली असते, पण घाईत सगळेजण फक्त वेळ बघतात. पैसे भरायच्या आधी तिकिटाच्या गोषवाऱ्यात भाषा आणि टू-डी/थ्री-डी पुन्हा वाचा.

दक्षिणेकडचे पिक्चर वेगळ्या चालीने येतात. 'कांतारा' कन्नडमध्ये ३० सप्टेंबर २०२२ ला लागला, हिंदीत १४ ऑक्टोबरला. त्या दोन आठवड्यांत शेवट कळू नये म्हणून काय करायचं, ते आठव्या पायरीत सांगते. आणखी एक बारकावा फारसा कुणाला माहीत नसतो. देशभरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी पिक्चर आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचं अंतर मागतात. दक्षिणेत चार आठवडे चालतात. चार आठवड्यांनी ओटीटीवर जाणाऱ्या पिक्चरची हिंदी आवृत्ती म्हणूनच या साखळ्यांत लागत नाही, एकपडदा टॉकीजमध्ये मात्र लागते. मॉलमध्ये दिसला नाही म्हणजे इंदूरला आलाच नाही, असं समजू नका. राजवाड्याकडच्या आणि इतर जुन्या टॉकीजची यादी ॲपवर खालपर्यंत सरकवून बघा.

जपानी ॲनिमेची फँटसी आवडत असेल तर धीर धरा. 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' जपानमध्ये १८ जुलै २०२५ ला आला, भारतात १२ सप्टेंबरला, पण आला तो हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबसकट.

७. कुठला पडदा?

साय-फायला पडदा मोठा हवा आणि हॉररला आवाज चांगला हवा, हा माझा ठाम अनुभव आहे.

मोठ्या पडद्याचं सांगायचं तर आयमॅक्सचे पडदे देशात मोजके, आणि त्यांच्यावर एका वेळी एकच मोठा पिक्चर बसतो. 'इंटरस्टेलर'ची दहा वर्षं झाली म्हणून तो डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पुन्हा लागला. आपल्याकडे त्या आठवड्यात आयमॅक्सवर 'पुष्पा २' होता, त्यामुळे भारतात तो आला ७ फेब्रुवारी २०२५ ला. तुमचा पिक्चर खास आयमॅक्ससाठी चित्रित झाला असेल, तर त्याच आठवड्यात दुसरं कोण आहे ते दुसऱ्या पायरीतल्या वहीतून बघा.

थ्री-डीबाबत एकच प्रश्न विचारा: थ्री-डी कॅमेऱ्यानेच चित्रित केलाय की नंतर बदललाय? 'अवतार'सारखे पिक्चर मुळात थ्री-डीत केलेले, ते तसेच बघावेत. नंतर बदललेला आणि त्यात काळोखी दृश्यं फार असलेला पिक्चर टू-डीत बघा, कारण चष्म्याने पडद्याचा उजेड बराच कमी होतो. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी तीन तास दोन चष्मे सांभाळता येतील का, हाही विचार करावा.

हॉररसाठी ॲपवर थिएटरच्या नावापुढे 'ॲटमॉस' लिहिलंय का ते बघा. त्यात छतातही स्पीकर असतात. वरच्या मजल्यावर पाऊल वाजतं ते खरंच डोक्यावर वाजतं. खुर्ची मधल्या रांगेच्या थोडी मागे, दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर घ्या. भिंतीला लागून बसलात तर एकाच बाजूचा स्पीकर कानात ओरडत राहतो आणि मागून येणारी कुजबुज हरवते. पन्नास रुपये वाचवण्यासाठी पहिल्या रांगेत बसून हॉरर बघू नका, अर्धा पिक्चर तिथे ऐकूच येत नाही.

८. ट्रेलर किती बघायचे, आणि शेवट कसा वाचवायचा

टीझर बघा. पहिलं ट्रेलर बघा. तिथे थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेलरमध्ये शेवटच्या अर्ध्या तासातली दृश्यं असतातच, आणि हॉररमध्ये तर सगळ्यात भारी दचका तिथेच वाया जातो. टीव्हीवरच्या छोट्या जाहिराती, गाण्यांचे व्हिडिओ, 'ट्रेलरमध्ये लपलेल्या दहा गोष्टी' हे सगळं पिक्चर बघून झाल्यावर बघा, तेव्हा जास्त मजा येते.

शेवट फुटण्याचा धोका तीन वेळा असतो: आदल्या रात्रीचे शो, दुसऱ्या भाषेतलं आधीचं प्रदर्शन, आणि परदेशात आधी लागलेला पिक्चर. कधीकधी आपणच पुढे असतो. 'फायनल डेस्टिनेशन : ब्लडलाइन्स' भारतात १५ मे २०२५ ला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. अशा वेळी तोंड बंद ठेवायची जबाबदारी आपली. सोशल मीडियावर पिक्चरचं आणि मुख्य पात्रांचं नाव 'म्यूट' करा, इंग्रजी आणि देवनागरी दोन्हींत. कॉलेजच्या ग्रुपवर सरळ लिहून टाका की रविवारपर्यंत या पिक्चरबद्दल इथे काही नको.

मालिकेचा पुढचा भाग असेल तर आधीचे भाग महिनाभर आधी बघायला घ्या. आदल्या रात्री तीन पिक्चर लागोपाठ बघून थिएटरात डुलकी काढण्यात अर्थ नाही.

९. बुकिंगचा आठवडा

ॲपवर पिक्चरच्या पानावर 'इंटरेस्टेड' दाबून ठेवा, बुकिंग उघडलं की सूचना येते. मोठ्या हॉलिवूड पिक्चरचं बुकिंग काही आठवडे आधी उघडतं, बाकीच्यांचं दोन-चार दिवस आधी. सुरुवातीला एखाद्याच थिएटरचे शो दिसतात. पूर्ण वेळापत्रक बुधवार-गुरुवारपर्यंत लागतं. अगदी पहिल्या तासात हवी ती भाषा दिसली नाही तर घाईने हिंदीचं तिकीट काढू नका, बुधवारी संध्याकाळी पुन्हा बघा.

शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून शंभर किंवा त्याखालच्या तिकिटावर ५ टक्के. ॲपचं सुविधा शुल्क वेगळं. चार-पाच जण असाल तर खिडकीवर जाऊन काढलेलं स्वस्त पडतं.

इंदूरचा म्हणून एक सापळा आहे. सप्टेंबरातल्या हॉररशी अनंत चतुर्दशी भिडते. २०२५ मध्ये 'द कॉन्ज्युरिंग : लास्ट राइट्स' ५ सप्टेंबरला लागला आणि ६ तारखेला, पहिल्या शनिवारी रात्री, गिरण्यांच्या झांक्या निघाल्या. त्या रात्री राजवाडा आणि आसपासच्या रस्त्यांवरून गाडी काढायचा विचारही करू नका. झांक्या बघायच्या आणि पिक्चर रविवारी सकाळच्या शोला, असंच ठरवा. रंगपंचमीच्या गेरीच्या दिवशीही दुपारनंतरचाच शो घ्या.

मध्यंतराची तयारी ठेवा. हॉलिवूडचे पिक्चर मध्यंतराशिवाय बनलेले असतात आणि आपल्याकडे ते मध्येच कापले जातात. हॉररमध्ये चढत आलेली भीती तिथे तुटते. त्या दहा मिनिटांत फोन उघडू नका, खुर्चीतच बसून राहिलात तर पुन्हा आत शिरायला वेळ लागत नाही. रात्रीचा शो संपल्यावर सराफा उघडा असतोच, बोलायचं ते तिथे गराडू खाताना बोला.

१०. घरच्यांना हॉररला नेताना

प्रमाणपत्राच्या वर्गापलीकडे नेमकं काय आहे ते कळायला हवं. ब्रिटनच्या बीबीएफसी या मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पिक्चरमध्ये रक्त किती, भीती कशी, शिव्या कुठल्या, याचं बरंच तपशीलवार वर्णन असतं. परदेशी पिक्चरसाठी ते वाचा. काही वेळा त्यात गोष्टीचा थोडा भाग कळतो, म्हणून ज्याला शेवटाची फिकीर नाही अशा घरातल्या माणसाने वाचावं आणि बाकीच्यांना फक्त 'चालेल' किंवा 'नको' सांगावं.

आजीला भुताखेताचं वावडं नसतं, तिने गावाकडे याहून भारी गोष्टी ऐकलेल्या असतात. तिला त्रास होतो तो अचानक वाढणाऱ्या आवाजाचा. तिच्यासाठी मधोमध खुर्ची आणि कानात घालायला कापूस.

११. इथे लागलाच नाही तर

मराठी हॉरर किंवा फँटसी पिक्चरला इंदूरमध्ये मोजकेच शो मिळतात, कधी मिळतच नाहीत. एकेकट्याने तक्रार करून उपयोग होत नाही. पन्नास-साठ जणांची पक्की यादी करा. सानंदच्या नाटकांना जमणारी मंडळी, गणेशोत्सव मंडळ, महाराष्ट्र साहित्य सभेतले ओळखीचे, अशांत विचारलं की ती सहज होते. नावं आणि आधी जमा केलेले पैसे घेऊन सोमवारी थिएटरच्या मॅनेजरला भेटा, कारण पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक सोमवार ते बुधवारात ठरतं. शनिवार-रविवारची सकाळ मागा, ती वेळ मिळायला सोपी.

मोठ्या पडद्यासाठी मुंबईला जाणार असाल तर रात्रीची अवंतिका आहेच, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तोवर प्रमाणपत्र आलेलं नसतं. तारखेसकट ट्रेलर आलं असेल तरच तिकीट काढा, परतीचंही त्याच वेळी काढा, आणि दोन आठवडे आधी वहीतलं पान पुन्हा तपासा. तारीख हलली असेल तर लगेच रद्द करा, गाडी सुटायच्या बऱ्याच आधी रद्द केलं की कमी पैसे कापले जातात.

हेही जमलं नाही तर हिंदी पिक्चरच्या पानावर प्रदर्शनाच्या तारखेत आठ आठवडे मिळवून ओटीटीची अंदाजी तारीख लिहा, दक्षिणेकडच्यासाठी चार. आणि पान फाडू नका. 'तुंबाड' १३ सप्टेंबर २०२४ ला थिएटरांत पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. जुने पिक्चर असे परत येतात तेव्हा जाहिरात थोडी असते आणि शो एखाद-दुसरा आठवडाच टिकतात, म्हणून दर बुधवारी ॲपवर त्या आठवड्याची यादी शेवटपर्यंत वाचा.